पतंगांचे पत्ते सांगणाऱ्या काकींना

तीर्थस्वरूप काकी,
साष्टांग नमस्कार.

एकाच वाडीत राहून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण समोर आभार मानायला लागले की तुम्ही “ऱ्हवांदे गो बाई” म्हणत चुलीकडे वळता. म्हणून लिहून काढते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. आपल्या गावच्या पतंगांचे, म्हणजे फुलपाखरांच्या या भाईबंदांचे, फोटो लोक बघतात तेव्हा खाली नाव असतं पतंगाचं आणि माझं. तुमचं कुठेच नसतं.

मी ज्यांच्या मागे लागले आहे ते जिओमेट्रिडी कुळातले पतंग. जगभरात यांच्या 23,000 च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. अंग बारीक, पंख रुंद आणि पातळ. बहुतेक जण बसतात ते पंख पसरून, भिंतीला अगदी सपाट चिकटून. पुढच्या पंखावरची रेघ बऱ्याचदा तशीच सलग मागच्या पंखावर उतरते. अळीच्या पोटाखाली मागच्या बाजूला पायांच्या दोनच जोड्या, त्यामुळे ती पाठीची कमान करत चालते. सोयाबीनवरची उंटअळीही कमान करते, पण ती दुसऱ्या कुळातली. तिला पोटाखालचे पाय जास्त असतात. तुमच्या पडवीच्या भिंतीवर पावसाळ्यात सकाळी जे राखाडी, पेंढ्याच्या रंगाचे, पोपटी तुकडे चिकटलेले दिसतात, त्यातले कितीतरी याच कुळातले.

कूळ ओळखणं जमतं. अडतं ते त्याच्या पुढे. हॅम्पसन या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने 1890 च्या दशकात भारतातल्या पतंगांची वर्णनं चार खंडांत लिहिली. पंखावरची रेघ न् रेघ त्याने टिपली आहे, पण आपल्या व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याच्या काठी, कोण कोणत्या पानावर वाढतं, हे मला तिथून कसं कळणार? हिरव्यांचं तर विचारूच नका. थॅलॅसोडिस आणि पेलॅगोडिस या प्रजातींमधले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) पोपटी पतंग वरून एकसारखेच. सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं तपासल्याशिवाय त्यांची जात ठरत नाही, आणि काही दिवसांनी तो हिरवा रंगही विटतो. नुसत्या फोटोवरून त्यांना ठाम नाव देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. अशा वेळी नोंद प्रजातीपाशीच थांबवावी.

म्हणूनच अळी कोणत्या झाडावर सापडली याला इतकं मोल आहे. आणि झाडं तुम्हाला ठाऊक आहेत.

व्हाळाच्या वळणावर ती पिवळीधमक अळी दिसली तेव्हा मी फक्त अळीकडे बघत होते. अंगभर काळे ठिपके. काडीने हलकेच स्पर्श केला तर मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून पुढचं सगळं अंग तिने वर उचललं आणि तशीच ताठ राहिली. तुम्ही मात्र पान हातात घेतलंत, उलटं करून पाहिलंत आणि म्हणालात, “ह्या फणशीचा झाड. व्हाळाच्या कडेकच गावता.” तेवढ्याने माझं अर्धं काम झालं. फणशी म्हणजे कॅरेलिया ब्रॅकिआटा, खाडीतल्या कांदळाच्याच कुळातलं, पण गोड्या पाण्याच्या आसऱ्याने वाढणारं. डिस्फॅनिया पर्कोटा या पतंगाच्या अळ्या त्यावर वाढतात. पुढे रोज ताजी पानं तुम्ही आणून दिलीत, तीही पाणी झटकून, कारण ओल्या पानांनी डब्यात बुरशी धरते हे मी सांगायच्या आधीच तुम्हाला कळलं होतं. अळीने पान दुमडून आत कोष केला. त्यातून निघाला तो निळसर जांभळा, काळ्या ठिपक्यांचा, दिवसाढवळ्या उडणारा पतंग. वाडीतली पोरं त्याला फुलपाखरूच समजत होती. त्याच्या स्पर्शिकांच्या टोकाला फुलपाखरासारखी गाठ नाही, हे तुम्हीच त्यांना जवळ बोलावून दाखवलंत.

आता जे आवर्जून सांगायचं आहे ते. व्हाळाकाठचं ते रान अजून उभं आहे ते तुमच्यामुळे. आजूबाजूला रान तोडून काजू लागला, दोडामार्ग-सावंतवाडीकडे रबरही लागलं. काजूवर पोट चालतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण लाकडाचा व्यापारी पैसे घेऊन दारात आला तेव्हा व्हाळापासून वरच्या पायवाटेपर्यंतचा पट्टा तुम्ही त्याला दिला नाहीत. तिथे फणशी आहे म्हणून हा पतंग आहे. हायपोसिड्रा तलाकासारखा पतंग कसाही तगतो. आसामात चहाच्या मळ्यांना त्रास देणारी त्याची अळी नाना झाडांची पानं खाते. ठरावीक झाडावर अवलंबून असणाऱ्यांना ते झाड गेल्यावर जागाच उरत नाही. देवराईला देवाचा धाक राखतो. तुमच्या पट्ट्याला तुमच्या शब्दाशिवाय दुसरं कुणी राखणारं नाही, याचं मला फार वाटतं.

खळ्यात, घरापुढच्या अंगणात, दिव्याकडे येणारे पतंग बसावेत म्हणून पांढरी चादर बांधायला दिलीत, अवसेच्या रात्री घरातले सगळे दिवे मालवून माझ्या एका दिव्याला वाट करून दिलीत, उशिरापर्यंत आमच्यासाठी चहा ठेवलात, याबद्दल वेगळं काय लिहू? एवढं मात्र सांगते, पहाटे चादर झटकून उरलेले पतंग झुडपांत सोडायची तुमची सवय आता मीही लावून घेतली आहे. नाहीतर उजाडल्याबरोबर बुलबुल आणि दयाळ त्यांचा फडशा पाडतात.

मोठ्या फोटोची प्रत काढली आहे. खाली पतंगाचं नाव, झाडाचं नाव आणि “झाड ओळखलं” असं लिहून तुमचं नाव घातलं आहे. यापुढे प्रत्येक नोंदीत घालणार, नको म्हणू नका.

आणि एक काम आहे. गणपती गेले की चादर यंदा वर सड्यावर बांधायची आहे. कातळावरच्या गवतात स्कोप्युला प्रजातीचे छोटे पतंग असतात, ते खळ्यात फारसे येत नाहीत. जागा तुमच्या धाकट्या दिरांच्या वाट्याची आहे, तेवढं त्यांच्या कानावर घालून ठेवा. गवत कापायच्या आधी जायला हवं.

तुमची,
शाळेतली बाई