चाचा, ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे

चाचा, सलाम.

हे पत्र तुमची नात तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. तुम्ही मधेच "बस, बस" म्हणालात तरी थांबायचं नाही, असं मी तिला बजावून ठेवलंय. नाव आणि गल्ली मात्र लिहीत नाही. तुम्हीच म्हणाला होतात, "नाम मत डालो बेटा, हात दो ही हैं." छत्रपती संभाजीनगरच्या सिटी चौकाच्या आसपास बंद घड्याळं आणि मेलेले कॅमेरे यांच्या ढिगात एक माणूस मान खाली घालून बसलेला असतो, वाचणाऱ्यांना एवढं पुरे.

तुम्ही दुरुस्त करून दिलेली ती दुर्बीण माझ्या वडिलांची. तात्या जायकवाडीवर कालवा निरीक्षक होते. पैठणच्या वसाहतीतले एक इंजिनियर साहेब निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा आवराआवरीत त्यांनी ती तात्यांना सातशे रुपयांना दिली. साल १९८३. सातशे रुपयांची काच घरात आणली म्हणून आईनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी तिनंच ती डोळ्याला लावली आणि समोरच्या नळावर कोण कोण भांडतंय ते बघून घेतलं. त्या दिवसापासून दुर्बीण घरची झाली.

कार्ल झाइस येना, डेल्ट्रिन्टेम, ८ × ३०, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग तीस मिलिमीटरचं. तात्यांना त्यातलं "जर्मन माल" एवढंच ठाऊक होतं. १९८६ साली नाथसागराला, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाला, पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण त्याच्या आधीपासून तात्यांच्या खात्याच्या वहीत मागच्या पानांवर पक्ष्यांच्या नोंदी असत. पुढच्या पानांवर पाण्याची पातळी आणि मागून रोहित, शराटी, थापट्या, चक्रवाक. दुष्काळात पाणी मागं सरलं की ते पक्षी सोडून दुसरंच काही बघत बसायचे. धरणात गेलेल्या त्यांच्या गावातल्या देवळाचे दगड कधी कधी उघडे पडत. तेव्हा दुर्बीण कुणाला मिळायची नाही.

तात्या गेले आणि दुर्बीण चामडी पेटीसकट लोखंडी कपाटात गेली. दोन पावसाळे तिथंच राहिली. चामडं ओल धरतं, आणि बंद पेटीत काचेवर बुरशी चढते, हे मला तुमच्याकडून कळलं. मी बाहेर काढली तेव्हा आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसत होते आणि मधलं चाक फिरता फिरत नव्हतं. मला वाटलं, आपल्या हलगर्जीपणानं बापाचे डोळे गेले.

मग सुरू झाली माझी वारी. एका मोठ्या शहरातल्या झकपक दुकानात काउंटरवरच्या मुलानं ती हातातही घेतली नाही. लांबूनच म्हणाला, "मॅडम, हे अँटिक आहे, शोकेसमध्ये ठेवा." आणि अठरा हजारांची नवी दहा बाय बेचाळीसची माझ्या गळ्यात घातली. दुसऱ्या एकानं हौसेनं उघडली, तीन आठवडे ठेवली आणि कुरियरनं परत पाठवली. एक स्क्रू गायब, बुरशी होती तिथंच, वर आतला उजेड वळवणारा काचेचा प्रिझम जागचा हललेला. दोन्ही नळ्या आता दोन वेगळ्या दिशांना बघत होत्या. चक्रवाकाची जोडी रात्री एकमेकांपासून तुटते असं आपण ऐकत आलो. माझ्या दुर्बिणीत पाण्यावरच्या एकट्या चक्रवाकाची भर दिवसा जोडी व्हायची, आणि माझं डोकं ठणकायला लागायचं. फोन केला तर हे महाशय म्हणाले, "जुन्या वस्तूचं असंच असतं." बाराशे रुपये मात्र त्यांनी नवीन नोटांत घेतले होते.

नव्या दुर्बिणीबद्दल मला वाईट बोलायचं नाही. ती पावसात चालते, आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे धुकं धरत नाही, दोन मीटरवरचं फुलपाखरूही दाखवते. चष्मा लावूनही तिच्यातून पूर्ण चित्र दिसतं. जुनीला डोळा अगदी टेकवावा लागतो, चष्मेवाल्याला कडेचा निम्मा देखावा सोडावा लागतो. हे सगळं खरं. पण पहिल्या दिवशी नवी डोळ्याला लावून मी पाण्याकडं बघितलं आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. बदकं दिसत होती, ठळक दिसत होती, पण एखाद्या छापील चित्रावर चिकटवल्यासारखी. पुढचं बदक पुढं नव्हतं आणि मागचं मागं नव्हतं.

त्याचं कारण तुम्ही मला दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलंत, हातात दोन काडेपेट्या घेऊन. जुन्या दुर्बिणीत उजेड काटकोनात वळतो, पुन्हा वळतो, म्हणून पुढची भिंगं आपल्या डोळ्यांपेक्षा लांब लांब बसलेली असतात. "आँखें चौड़ी हो गईं, तो गहराई दिखी." इग्नात्सिओ पोरो नावाच्या इटालियन माणसानं १८५४ साली ही प्रिझमची मांडणी काढली, हे मी नंतर वाचलं. तुमच्या काडेपेट्यांइतकं ते मला पटलं नाही. नव्या सरळ नळीच्या दुर्बिणींमध्ये छपरासारखा उतार असलेला प्रिझम असतो. तिथं उजेडाची फाळणी होते, आणि ती सांधायला खास लेप लागतो. झाइसनंच तो १९८८ मध्ये बाजारात आणला. महागड्या दुर्बिणीत तो लेप उत्तम असतो, आणि तशी दुर्बीण घ्यायला माझ्यासारख्या मास्तरणीचा वर्षभराचा पगार बाजूला काढावा लागतो. येनाच्या जुन्या पोरोला त्या लेपाची गरजच पडत नाही. साधी युक्ती, म्हणून इतकी वर्षं टिकली.

आणि रुंदी! डेल्ट्रिन्टेममधून हजार मीटरवरचा दीडशे मीटरांचा पट्टा एका नजरेत येतो. माझ्या नवीमधून एकशे दहाच्या आसपास. ती दहापट मोठं दाखवते आणि जुनी आठपट, त्यामुळे तुलना तशी सरळ नाही, हे मलाही कळतं. पण उडालेला थवा शोधताना ते चाळीस मीटर कुणाच्या बाजूनं असतात, ते नाथसागराच्या काठावर वारं झेलत उभं राहिल्यावर समजतं.

तुम्ही तिचं नेमकं काय काय केलंत, ते मला अर्धंच कळलं. आठ दिवसांनी बोलावलंत, एवढं खरं. मी मधे एकदा उगाच डोकावले तेव्हा ती तुमच्यासमोर पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर उघडी पडली होती. प्रत्येक स्क्रू ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं ओळीत, आणि हरवलेल्याच्या जागी तुम्ही घासून बसता केलेला एक नवा, बाकीच्यांपेक्षा जरा पिवळा. तुम्ही वर न बघता म्हणालात, "देखो, सब खुलता है. बनाने वाले को मालूम था कि कोई तो खोलेगा." तुमचं हे वाक्य मी शाळेत दोनदा वापरलं. पोरांना कळलं नाही, हेडमास्तरांना कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती.

पहिल्या दिवशी तुम्ही दुर्बीण हातात घेतलीत, पण ना काचा बघितल्या, ना चाक फिरवलं. आधी उजव्या डोळ्यापाशी असलेल्या कडीकडं बघितलंत, भिंगाखाली धरून. मग विचारलंत, "ये नंबर किसकी आँख का है?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा तुम्ही दाखवलंत. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात, म्हणून मधलं चाक डाव्या डोळ्यापुरतं लावायचं आणि उजव्यातला फरक या कडीनं भरून काढायचा. एकदा आपल्या डोळ्याला लावली की मालक ती पुन्हा हलवत नाही. तात्यांची कडी शून्यापासून वजाच्या बाजूला दीड रेघ होती. मी म्हणाले, "वडिलांचा. ते आता नाहीत." तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि दुर्बीण खाली ठेवलीत. दुसरं काही बोलला नाहीत. मला वाटलं, गोष्ट तिथंच संपली.

आठ दिवसांनी दुर्बीण हातात दिलीत. चाक लोण्यासारखं फिरत होतं, काचा अशा स्वच्छ की डोळा लावावा की नको असं वाटावं. समोरच्या इमारतीवरच्या टाकीचा आकडा दोन्ही डोळ्यांना एकच दिसला. आणि मग तुम्ही गल्ल्यातून उर्दू कॅलेंडरचा एक फाटका कागद काढलात. मागं पेन्सिलनं कडीचं चित्र, शून्य, आणि वजाच्या बाजूला दीड रेघेवर एक बाण. म्हणालात, "खोलना पड़ा, तो हिल गया था. वापस वहीं लगा दिया है, अब्बा का नंबर. तुमको फिराना है तो फिराओ, तुम्हारी आँख तुम्हारी है. लौटाना हो, तो ये पर्ची."

चाचा, मी तिथं रडले नाही, कारण तुमच्या दुकानात रडायला जागा नाही, चोहीकडं घड्याळं. पण दिल्ली गेटच्या पुढं सलीम अली सरोवराच्या कुंपणापाशी स्कूटर लावली आणि तिथं मात्र पोटभर रडून घेतलं. समोर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. तो मला दुर्बिणीशिवायही धूसरच दिसत होता.

ज्यांनी तिला हात लावला नाही त्यांना, आणि ज्यांनी हात लावून बिघडवली त्यांनाही, ती कडी दिसली असेलच. काचेवर बुरशी आहे, स्क्रू सैल आहे, वस्तू जुनी आहे, हे सगळं दिसलं. कुणाच्या तरी डोळ्याला लावलेली आहे, हे तेवढं दिसलं नाही. तुम्ही नऊशे रुपये घेतलेत. मी हजाराची नोट मोडायला लागले, तर तुम्ही शंभर परत देण्यासाठी शेजारच्या चहावाल्याकडं गेलात. हजाराची नोट आता नसते, मला ठाऊक आहे, पाचशेच्या दोन होत्या. भावनेच्या भरात लिहिलं, खोडत नाही.

नंतर या दुर्बिणीच्या मूळ गावाबद्दल थोडं वाचलं. येनाच्या कारखान्यात १८९४ पासून प्रिझमच्या दुर्बिणी बनू लागल्या, त्यामागं अर्न्स्ट आबे नावाचा शास्त्रज्ञ होता. स्वतः गिरणी कामगाराचा पोर. बापाला सोळा सोळा तास उभ्यानं राबताना त्यानं बघितलं होतं. हाती कारखाना आला तेव्हा त्यानं तो स्वतःच्या नावावर ठेवला नाही, एका प्रतिष्ठानाला देऊन टाकला, आणि १९०० साली तिथं आठ तासांचा दिवस लागू केला. पुढं महायुद्धानंतर झाइसचेही जर्मनीसारखे दोन तुकडे झाले, काही माणसं अमेरिकनांनी पश्चिमेला नेली, येना पूर्वेत राहिलं. पण मला राहून राहून तो आठ तासांचा दिवसच आठवतो. कामगार शांत डोक्यानं बसला असेल म्हणूनच पुढच्या माणसाला उघडता येईल असा स्क्रू त्यानं बसवला असेल, असं मी धरून चालले आहे. तुम्हीही दुपारी दोन ते चार दुकान बंद ठेवता आणि गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी उघडत नाही, ते बघूनच बहुतेक सुचलं.

परवा रविवारी पिंपळवाडीच्या बाजूनं पाण्यावर गेले. सूर्य नुकता वर आला होता. काठावरच्या हरभऱ्यावर दव. आधी तात्यांच्या नंबरानं बघितलं. डावा डोळा लख्ख, उजव्यात थोडं तेल सांडल्यासारखं. तेल असू दे म्हटलं, आणि तसंच दहा-पंधरा मिनिटं बघत राहिले. तात्यांना ही काठाची रेघ कशी दिसत असेल, तेवढं डाव्या डोळ्यानं आणि उरलेलं अंदाजानं. मग कडी माझ्या डोळ्याला फिरवली. लांबवर राखाडी ठिपके होते, ते एकदम पट्टकादंब हंस झाले. हिमालय ओलांडून आलेले, डोक्यामागं दोन काळे पट्टे, एक उभा मान उंच करून पहाऱ्यावर, बाकीचे चरत. मोजले, एकेचाळीस. पुढचे पुढं होते आणि मागचे मागं. वहीत लिहिले, मागच्या पानावर.

निघताना स्कूटरच्या सीटवर तुमची पर्ची पसरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर किल्ली ठेवली आणि कडी पुन्हा दीड रेघेवर आणली.

आता एक मागणी. तुम्ही मला बोलता बोलता म्हणालात की चाळीस वर्षं दुर्बिणी दुरुस्त केल्या, पण बघितली ती फक्त समोरची टाकी. पक्षी कधी बघितला नाही. हे काही बरोबर नाही. मार्चमध्ये पट्टकादंब परत जातील, त्याच्या आत एका शुक्रवारी दुकान बंद ठेवा. माझा भाचा गाडी घेऊन येईल, नातीलाही आणा. डबा मी करते, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तुम्हाला तिखट चालतं हे चहावाल्यानं सांगितलंय. पर्ची मी घेऊन येते. तुमच्या डोळ्याला कडी लावू, आणि तात्यांच्या बाणाखाली तुमचा बाण काढू.

तुमची,
पैठणची बाई