सिंगापूरच्या माळीदादांना, लाल छत्रीवालीकडून

माळीदादा, स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, तेव्हा माळीदादाच म्हणते. तुम्ही तमिळ, मी मराठी, आणि इंग्रजी दोघांचंही सारखंच मोडकं. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल का, देव जाणे. पण आभार मानल्याशिवाय राहवेना.

लेकीकडे आले होते तेव्हाची गोष्ट. तिला ऑफिस होतं, म्हणून मी एकटीच बोटॅनिक गार्डन्समधल्या नॅशनल ऑर्किड गार्डनमध्ये शिरले. बाग टेकडीच्या उतारावर, हवा घामट आणि माझा गुडघा बोलायला लागलेला. पिवळ्याधमक फुलांच्या कमानींखालून जाताना दुखणं विसरले, पण वर मोठ्या लोकांच्या नावांच्या ऑर्किडपाशी बसकणच मारली. डायना काय, थॅचरबाई काय! आमच्याकडे नेत्यांची नावं चौकांना देतात, तुमच्याकडे फुलांना. तुमची पद्धत बरी.

तुम्ही पाइप टाकून आलात, पाण्याची बाटली दिलीत आणि शेजारी उकिडवे बसलात. मी रडगाणं गायले: पुण्यात दोन ऑर्किड आणली, चांगल्या काळ्या मातीत लावली, शेणखत घातलं, दोन्ही कुजली. तुम्ही हसला नाहीत. जवळच्या झाडावर लोंबणारी मुळं दाखवलीत. चांदीसारखी पांढुरकी, वाळल्या सुतळीसारखी. त्यांवर पाण्याचा फवारा मारलात आणि बघता बघता ती हिरवी झाली! मुळांवर टिपकागदासारखं साल असतं, ते पाणी शोषून घेतं. पुन्हा पांढरी झाली की पुन्हा पाणी द्यायचं, हे मला तिथे कळलं. मातीत गाडलं की वाराच लागत नाही, मग कुजणारच.

मी विचारलं, हे झाडाचा रस पितात ना? तुम्ही म्हणालात, "नो ईटिंग अम्मा, ओन्ली सिटिंग."

दादा, तिथे मी गप्प का झाले ते आता सांगते. कोकणात माहेरी फणसावर सीतेची वेणी, म्हणजे आमच्याकडचं ऑर्किडच, यायची, पावसाच्या तोंडाशी गुलाबी-पांढरे घोस सोडायची. आम्ही तिला बांडगूळ समजून दरवर्षी कोयत्याने खरवडून काढायचो. बांडगूळ खरंच झाडाचा रस पितं. ही बिचारी नुसती बसलेली.

निघताना तुम्ही मुद्दाम वाट वाकडी करून तुमचं राष्ट्रीय फूल दाखवलंत. व्हँडा मिस जोकिम, पेन्सिलीसारख्या गोल पानांचं, उन्हात ताठ उभं. १८९३ साली अ‍ॅग्नेस जोकिमबाईंच्या नावाने जगापुढे आलेला हा संकर १९८१ मध्ये देशाचं फूल झाला. ते सांगताना तुम्ही असे खुललात, जणू घरचीच पोर.

लेक म्हणाली, "आई, फोटो कुठेत?" फोटो चार, त्यातले तीन मुळांचे.

आता बाल्कनीत नवीन ऑर्किड आहे. माती नाही. नारळाच्या सोडणावर सुतळीने बांधलंय, भोवती कोळशाचे तुकडे. सकाळी आधी मुळांचा रंग बघते, मग चहा. फूल नाही अजून. पण गेल्या आठवड्यात एक मूळ सोडण सोडून ग्रिलकडे निघालंय. करंगळीएवढं, टोकाला पोपटी.

तुमची,
लाल छत्रीवाली अम्मा, पुणे