म्हापशाच्या चावीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहू का, असं विचारलं तेव्हा तुम्ही हात जोडून नको म्हणालात, म्हणून नाव घेत नाही. म्हापशाच्या बाजारातली तुमची टपरी ज्यांना माहीत आहे त्यांना ते कळेलच. कामाचे पैसे मी दिले, तुम्ही घेतले, तो हिशेब पुरा झाला. तरीही हे पत्र लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

आमची गाडी सेकंडहँड. घेतली तेव्हा एकच चावी हातात आली. दुसरी "आठवड्यात आणून देतो" म्हणणाऱ्याने पुढे फोन उचलायचंच सोडलं. मी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) नर्स, नवरा कुंडईच्या कारखान्यात आणि घर डिचोलीला. माझी रात्रपाळी सुटायची आणि त्याची पाळी लागायची, एवढ्यात ती एक चावी या हातातून त्या हातात. भर पावसात छत्री, डबा, पर्स सांभाळत वॉर्डाकडे जाताना निम्मा जीव चावीत. आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे दुसरी चावी कुणाकडे तरी असणार. गाडी रात्रभर उघड्यावर उभी, आणि तिची एक चावी कुठे आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

एका ओळखीच्याने स्वस्तातला उपाय सुचवला होता: मूळ चावीतली चिप काढून स्टीअरिंगखाली चिकटवून टाकायची, मग कसलीही साधी चावी चालते. असं करतात का, म्हणून मी तुम्हाला विचारलं. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. म्हणालात, "बाई, चोर येऊ नये म्हणून कंपनीने बसवलंय, ते मी माझ्या हाताने मोडू?" आणि पुढे, "पयलीं आरसी दाखयात, मागीर चावी." आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, पाहिलीत, आधार कार्डावरचं नाव जुळवलंत, वहीत गाडीचा नंबर लिहून माझी सही घेतलीत. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, एक तर चिडलेलंच होतं. तुम्ही घाई केली नाहीत. त्याच वेळी मला वाटलं, आपण योग्य माणसाकडे आलो.

मग तुम्ही नव्या चावीचं पातं कापलंत. पितळेचा भुगा फडक्याने पुसलात, कडा बोटाने चाचपल्यात आणि चावी आधी दाराला लावून पाहिलीत. दार उघडलं. इग्निशनमध्ये चावी फिरली, इंजीन सुरू होऊन लगेच मेलं, डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला. माझा चेहरा उतरला. तुम्ही काही न बोलता माझी जुनी चावी घेतलीत, तिचं डोकं नव्या चावीच्या डोक्याला टेकवलंत आणि पुन्हा फिरवलंत. गाडी सुरू! पातं फक्त कुलूप फिरवतं, ओळख पटवते ती डोक्यातली चिप, हे इतक्या सोप्या रीतीने मला आधी कुणी दाखवलं नव्हतं. चिपला सेल लागत नाही, कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून रेडिओ लहरींवाटे तिला वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते, तो जुळला तरच इंजीन चालू राहतं, हेही तुम्ही समजावलंत. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची आहे, ते मी नंतर वाचलं.

पण ज्यासाठी मी मनापासून ऋणी आहे, ती गोष्ट यानंतरची. स्टीअरिंगखालच्या सॉकेटला तुम्ही मशीन जोडलंत, पंखा आणि रेडिओ बंद करायला लावलात, बॅटरी तपासलीत. नवी चावी नुसती जोडून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. मी मागितलंही तेवढंच होतं. तुम्ही विचारलंत, "तिसरी चावी कुणाकडे आहे का?" मी सगळं सांगितल्यावर तुम्ही गाडीच्या स्मृतीतल्या जुन्या सगळ्या चाव्या पुसल्यात आणि समोरच्या दोनच, एकेक करून, पुन्हा नोंदवल्यात. हरवलेल्या चावीने दार उघडेल, इंजीन चालू राहणार नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. दाराचं कुलूप बदलायचं असेल तर ते काम वेगळं, घाई नाही, म्हणालात. माझ्याकडून जास्त पैसे काढायची ती संधी होती. तुम्ही ती घेतली नाहीत.

आता रात्रपाळीला असताना मी चावीचा विचार करत नाही. रुग्णांकडे पाहते. हे तुमच्यामुळे झालं, काका.

हे पत्र आणखी कुणी वाचत असेल आणि जुनी गाडी घेणार असेल, तर दोन्ही चाव्या हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एकच मिळाली, तर ती चालू आहे तोवर दुसरी करून घ्या. दोन्ही गेल्या, की गाडी टो करण्यापासून सुरुवात होते आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. आणि आरसी न मागता चिपची चावी करून देणारा दिसला, तर त्याच्याकडे करू नका.

माझ्या धाकट्या भावानेही जुनी गाडी घेतली आहे, एकाच चावीची. येत्या शुक्रवारी बाजाराला येऊ तेव्हा त्याला तुमच्याकडे आणते. आरसी सोबत असेल.

तुमची कृतज्ञ,
डिचोलीची नर्सबाई