शनिवारचं शिळं

मुलुंड, सोमवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,

जय ख्रिस्त.

आधी माफी मागते. काल तुम्ही दोघांनी मिळून अकरा वेळा फोन केलात, आणि आज सकाळी मी फोन लावल्यावर आई एवढंच म्हणाली, "अगं मेलो असतो तरी तुला सोमवारी कळलं असतं." नंतर नऊच्या लोकलमध्ये उभी असताना तेच डोक्यात फिरत होतं. फोनवर मला नीट सांगता येत नाही, आई मध्येच रडते आणि बाबा "बरं बरं ठेव" म्हणतात, म्हणून हे लिहितेय. नगरला पत्र पोचेपर्यंत दुसरा रविवार येईल म्हणून धाकट्याला सांगून व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकते, बाबा चष्मा लावून मोठ्याने वाचतील.

तर रविवारी फोन बंद का असतो. पडलेला नसतो, बॅटरीही गेलेली नसते. ऑगस्टपासून आम्ही शनिवारी संध्याकाळी सात वाजता दोघांचे फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवतो (वरच्या फळीवरच्या, म्हणजे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही), आणि रविवारी रात्री काढतो. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, पाळायचा म्हणून. हसू नका. मला माहितीये आपण सगळे शब्बाथशाळेत वाढलो, शब्बाथाची चौथी आज्ञा झोपेतही म्हणता येते, पण पाळलं काय तर सकाळी नऊची उपासना आणि दुपारी मटण.

मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. मार्चमध्ये वर्षअखेरीचं काम चालू होतं, तीन रविवार सलग लॅपटॉप उघडा, चर्चमध्ये बसूनसुद्धा ग्रुपवर रिप्लाय देत होते, प्रभुभोजनाच्या रांगेत पर्समध्ये फोन थरथरत होता. आणि एका संध्याकाळी ठाण्याला प्लॅटफॉर्मवर डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही, एका कोळीणबाईने धरलं, तिच्या टोपलीवर बसवलं, पाणी दिलं. बीपी १६० वर १०० निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि विचारलं, आठवड्यातून सुट्टी किती? मी म्हटलं, रविवारी असते ना. ते म्हणाले, असते की घेता? मला काही बोलता आलं नाही. आता बीपी बरं आहे, काळजी करू नका, गोळी चालू आहे, मीठ कमी केलंय.

घरी येताना मला बाबांच्या रेल्वेतलं कॉशन आठवलं.

आठवतंय बाबा, मी लहान असताना विचारायचे की रविवारीच का गाड्या बंद ठेवतात, आम्हाला चर्चला जायचं असतं. तुम्ही सांगायचात, दिवसभर गाड्या जाऊन जाऊन खडी दबते, रूळ हलतो, त्याला पॅकिंग लागतं, वायर बघावी लागते, ते चालत्या गाडीखाली होत नाही, त्याला ब्लॉकच लागतो. आणि ब्लॉक दिला नाही तर? तर मग कॉशन लागतं, गाडी त्या तुकड्यावरून रांगत जाते. माझ्यावर ते कॉशन लागलं होतं बाबा, कारण मी वर्षानुवर्षं ब्लॉक दिलाच नव्हता. कालही माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक होता, आम्ही भायखळ्याला चर्चला जाताना सगळा डबा रेल्वेच्या नावाने बोटं मोडत होता आणि मी खिडकीतून ती केशरी जाकिटं घातलेली माणसं शोधत होते.

तुमचा रविवार कधी तुमचा नव्हता. आम्ही फ्रॉक घालून चर्चला, तुम्ही डबा घेऊन रुळावर. मंडळीतले लोक आईला विचारायचे, मिस्टर दिसत नाहीत उपासनेला, आणि आई खाली बघायची. पण मंगळवारी तुमची रेस्ट असायची. क्वार्टर्सच्या गॅलरीत, आंघोळ करून, पांढरा बनियन, मांडीवर पवित्र शास्त्र, बाजूला चहा गार होत चाललेला. मुकादम बोलवायला आला तरी तुम्ही "आज रेस्ट आहे" एवढंच म्हणायचात आणि तो जायचा. दुपारी तुम्ही झोपलात की शाळेतून आलो तरी आम्ही चपला हातात घेऊन आत यायचो. मला तेव्हा वाटायचं बाबा चर्चला येत नाहीत म्हणजे देवापासून जरा लांब आहेत. आता वाटतं आख्ख्या मंडळीत शब्बाथ पाळणारे तुम्ही एकटेच होतात, फक्त मंगळवारी.

वाराचं म्हणाल तर मी त्यात पडत नाही. खरा सातवा दिवस शनिवार, प्रभू रविवारी मेलेल्यांतून उठला म्हणून आपण रविवार धरतो, अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी अजून शनिवारच पाळतात. आणि आपल्या कोकणात बघा, अलिबागकडचे बेने इस्राएल. तेलाच्या घाण्यावर पोट, शेकडो वर्षं बाकीच्या यहुदी लोकांपासून तुटलेले, पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांचं नावच शनिवार तेली पाडलं. बैलालाही त्या दिवशी सुट्टी मिळत असणार. मला हे फार आवडतं, की शेजाऱ्यांना त्यांचा देव माहीत नव्हता पण त्यांची सुट्टी माहीत होती.

बरं, रविवारची सुट्टी मिशनऱ्यांनी आणली असं आपल्याकडे सगळे समजतात, मीपण समजायचे. इंग्रजांच्या कचेऱ्या बंद असायच्या ते खरं, पण गिरणीतल्या माणसाला कुठली सुट्टी. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे भांडले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली, आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यांचं म्हणणं होतं रविवार खंडोबाचा वार आहे. म्हणजे मी ज्या दिवशी चर्चला जाते तो दिवस मुंबईच्या कामगाराला एका सत्यशोधकाने खंडोबाच्या नावाने मिळवून दिला! हे मी आमच्या बायबल स्टडीत सांगितलं तर दोघांचे चेहरे जरा उतरले, पण मला तर बायबलमधल्या अनुवाद पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाशीच ते जुळलेलं दिसतं. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथाच्या आज्ञेचं कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सातव्या दिवशी थांबला, पण अनुवादात तीच आज्ञा परत सांगताना कारण वेगळं आहे, की तू मिसरात गुलाम होतास हे आठव, म्हणून तुझ्या दासदासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला आहे त्याने ती वाटायची.

आणि इथेच मी पहिल्या महिन्यात पार आपटले. मी काय केलं, तर स्वयंपाक बंद, आपला शब्बाथ, मोबाईलवरून बिर्याणी मागवू (तेव्हा फोन डब्यात टाकत नव्हते). भर पावसात एक पोरगा चार मजले चढून आला, लिफ्ट बंद होती, नखशिखांत भिजलेला, गोरखपूरकडचा, आमच्या मोठ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठा असेल. पार्सल देऊन म्हणाला, मॅडम रेटिंग देना. आणि टेबलावर शास्त्र उघडं, "तुझ्या वेशीच्या आत असलेला उपरी" हीच ओळ. घास उतरेना. त्या दिवसापासून रविवारी मागवणं बंद, आणि भांडीवाल्या मावशींनाही रविवारी पगारी सुट्टी. त्यांना पहिल्यांदा वाटलं मी काढून टाकतेय, दोन रविवार तरी आल्याच बिचाऱ्या.

मग जेवायचं काय, तर आई, तुझा खरा राग इथे आहे ना? गेल्या महिन्यात धाकट्याने तुला सांगितलं की आम्ही रविवारी शिळं खातो, आणि तू मावशीला म्हणालीस की पोरीने सणासुदीच्या दिवशी घराचं भिकारलक्षण केलंय. अगं पण शास्त्रातच आहे, निर्गम सोळा काढ. रानात देवाने दिलेलं अन्न, तो मान्ना, रोजचा रोज गोळा करायचा, उरवला की किडे पडायचे, फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, भाजायचं ते भाजा, शिजवायचं ते शिजवा आणि उरलेलं सकाळपर्यंत ठेवा, आणि ते मात्र नासलं नाही. म्हणजे शनिवारचं शिळं देवाने पास केलेलं आहे. तरी काही जण सातव्या दिवशीही टोपल्या घेऊन बाहेर गेलेच आणि हात हलवत परत आले. ती मी. पहिले तीन रविवार मला करमतच नव्हतं, उगाच कपाटं आवरत बसायचे, ह्यांनी शेवटी विचारलं, तू कोणावर चिडलीयस? कोणावरच नाही, कोणी मला काम सांगत नव्हतं म्हणून मी कोण तेच कळेना. चौथ्या रविवारी जेवून सगळे फरशीवर आडवे झालो आणि साडेपाचला जाग आली, बाहेर कबुतरं, कोणीच काही मागत नव्हतं.

आई, आता तुझ्याबद्दल. चौथ्या आज्ञेतली यादी मी परत परत वाचली. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, उपरी. बायको कुठेय? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "तू" मध्ये नवराबायको दोघं आले. आले असतील, पण आपल्या घरात तो अर्थ कुणी लावला नाही. रविवार तुझा सगळ्यात वाईट दिवस होता. पहाटे वाटण, मग आमचे केस, इस्त्री, चर्चला जाऊन यायचं, साडीचा पदर खोचून परत मटण, चर्चमधून कोणी ना कोणी जेवायला, आणि संध्याकाळी बाबा येणार म्हणून गरम पाणी. मंगळवारी बाबांची रेस्ट आणि तुला त्या दिवशी एक माणूस जास्त. बाबा, मी तक्रार करत नाहीये, तुम्हालाही ते दिसलं नसेल, मलाही आत्ता दिसलं, चाळीशी उलटल्यावर आणि स्वतःची कंबर धरल्यावर.

लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायातली ती बाई आठवते, अठरा वर्षं कमरेत वाकलेली, सरळ उभी राहता येत नव्हतं. शब्बाथशाळेत तिचं चित्र रंगवायचो. तिने काही मागितलं नव्हतं, प्रभूनेच तिला बोलावलं आणि बरं केलं, आणि सभास्थानाचा अधिकारी लोकांवर चिडला की सहा दिवस आहेत ना कामाला, तेव्हा या. प्रभू म्हणाला तुम्ही शब्बाथ दिवशी बैलाला, गाढवाला दावणीतून सोडून पाण्यावर नेता, मग ह्या अब्राहामाच्या लेकीला सोडायचं नाही? ती बाई वाचताना हल्ली मला आपल्या क्वार्टर्समधला ओटा दिसतो, तुझ्या उंचीला बुटका पडणारा. तू तेवीस वर्षं त्याच्यावर वाकलेली होतीस.

म्हणून एक मागणं आहे. नाताळात तुम्ही दोघं इथे येताय, त्यात दोन रविवार पडतायत. त्या दोन्ही दिवशी तू ओट्याला हात लावायचा नाहीस. चहासुद्धा नाही, तो बाबा करतील, त्यांना येतो, रुळावर गँगला करून द्यायचे हे मला माहितीये. तू "मला बसवत नाही" म्हणशील. मलाही बसवत नव्हतं. पहिल्यांदा चिडचिड होईल, तेव्हा माझ्यावर चीड, मी ऐकून घेईन.

आणि फोनचं. तुमचं बरोबर आहे, आईबाप पंचाहत्तरीचे असताना फोन डब्यात ठेवणं हे काही शास्त्र नव्हे. मेंढरू खड्ड्यात पडलं तर शब्बाथ दिवशीही काढतातच. ह्यांचा जुना बटणवाला फोन आहे, त्यात नवीन सिम टाकलंय, नंबर फक्त तुम्हाला दोघांना आणि सासूबाईंना दिलाय, तो रविवारीही चालू राहील. खाली लिहिलाय, बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात उतरवून घ्यावा. ऑफिसला त्याचा पत्ता नाही. पण आई, मावसबहिणीच्या साखरपुड्याची साडी कुठल्या रंगाची, हा खड्डा नव्हे, ते सोमवारी सांग.

बाबा, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, शनिवारी सातच्या आत.

तुमची,
बेबी

ता. क. मटण शनिवारी रात्री करून ठेवलं की रविवारी दुपारी जास्त मुरतं. तूच म्हणायचीस.