‘घरी घेऊन जा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला यकृत प्रत्यारोपणावरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता. पण तो वाचून गावातल्या दोघा-तिघांनी मला विचारलं, “तुमच्या दादांचं हेच झालं ना? कुणाचं लिव्हर बसवलं?” कुणाचंच नाही. दादांच्या स्वतःच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला आणि उरलेल्यावर ते आज रात्रीच्या लाईटला उसाची दारं धरायला जातात. या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी दादांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी स्कॅन केला तर यकृताच्या उजव्या बाजूला तीन गाठी. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “लिव्हरमध्ये पसरलंय. चौथी स्टेज. घरी घेऊन जा, आवडेल ते खाऊ घाला.” माणूस मनाने वाईट नाही, आणि बऱ्याचशा कॅन्सरच्या बाबतीत त्यांचं बोलणं खरंही ठरलं असतं. आतड्याची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी यकृतात जातं आणि मग बाकी शरीरात. त्यामुळे सुटलेल्या पेशी पहिल्यांदा यकृतातच अडकतात, आणि काही रुग्णांत त्या तिथून पुढे गेलेल्याच नसतात. अशा रुग्णाच्या सगळ्या गाठी काढता आल्या आणि पुरेसं यकृत मागे राहिलं, तर शंभरातले चाळीसच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही हयात असतात. हे ऑपरेशन सगळ्यांना करता येत नाही. यकृतात पसरलेल्या पाचांतल्या फार तर एकाला ते सुरुवातीलाच शक्य असतं. पण आपण त्या एकात आहोत की चारांत, हे ठरवायला कुणीतरी बघावं तर लागतं!

आम्ही दोन महिने घालवले. चुलते म्हणाले, गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते. मग कुणीतरी झाडपाल्याच्या पुड्या आणून दिल्या. दादांनी त्या निमूट घेतल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही अडवलं नाही. शेवटी पुतण्या स्कॅनची सीडी घेऊन पुण्याला यकृताची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडे गेला. (वाचकांना एक सांगतो, रिपोर्टच्या कागदावर हे लोक काही ठरवत नाहीत, त्यांना मूळ चित्रं लागतात. स्कॅन केला की सीडी मागून घ्या.)

त्या सर्जननी कागदावर यकृत काढलं आणि त्याचे आठ भाग पाडून नंबर टाकले. प्रत्येक भागाची रक्ताची आणि पित्ताची वाट वेगळी असते, म्हणून शेजारच्याला धक्का न लावता एखादा भाग काढता येतो. ही आखणी १९५७ मध्ये क्लॉद कुईनो या फ्रेंच तज्ज्ञाने मांडली, असं त्यांनी सांगितलं. पाच ते आठ नंबर, म्हणजे सगळी उजवी बाजू, काढायचे होते. “काळजाचा मोठा तुकडा जाणार,” असं मी घरी सांगितलं तर वहिनींनी हंबरडाच फोडला. त्यांना हृदय वाटलं. आपण काळीज म्हटलं की छातीवर हात ठेवतो, पण मटणाच्या दुकानात कलेजी म्हणून काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

अडचण वेगळीच निघाली. कॉम्प्युटरवर मोजलं तर डावा भाग जेमतेम २६ टक्के भरला. निरोगी यकृताचा २० ते २५ टक्के भाग उरला तरी माणूस तरतो. केमो झालेल्याला ३० तरी लागतो आणि सिरॉसिस असेल तर ४० च्या आसपास. दारूने किंवा जुन्या काविळीने यकृत आधीच कडक झालेल्यांचं ऑपरेशन म्हणूनच अवघड असतं. मग त्यांनी पोटातून सुई घालून उजवीकडे जाणारी पोर्टल व्हेनची फांदी बुजवून टाकली. सगळं रक्त डावीकडे वळलं की तो भाग वाढतो. आम्हाला हे तीनदा ऐकून कळलं. दादा एका वाक्यात म्हणाले, “ह्या वाफ्याचं दार बंद केलं की पाणी त्या वाफ्याला, एवढंच ना?” पाच आठवड्यांनी डावा भाग ३४ टक्के भरला.

ऑपरेशन सात तास चाललं. यकृतातून दर मिनिटाला दीड लिटरच्या आसपास रक्त वाहतं, त्यामुळे कापताना यकृताकडे येणारं रक्त पंधरा-पंधरा मिनिटं अडवून धरतात, मध्ये पाच मिनिटं सोडतात, पुन्हा धरतात. दोन दिवस आयसीयू, डोळ्यांना थोडी पिवळी झाक, पोटाला नळी, अकराव्या दिवशी घरी. गावात अजून समज आहे की कापलेला भाग पालीच्या शेपटीसारखा परत फुटतो. तसं होत नाही. उरलेला भागच वाढत वाढत मोठा होतो, आणि बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते.

सगळं गोडच झालं असंही नाही. दीड वर्षाने उरलेल्या यकृतात बोराएवढी एक गाठ पुन्हा दिसली, ती सुईने जाळावी लागली. निम्म्याहून जास्त रुग्णांत आजार पुन्हा डोकं वर काढतो, हे आम्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

माझं मागणं एवढंच. आतड्याचा कॅन्सर यकृतात गेला असं दिसलं, तर ‘घरी घेऊन जा’ म्हणण्याआधी यकृताच्या सर्जनचं मत घेणं जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या डॉक्टरांना बंधनकारक करावं. हल्ली स्कॅन फोनवरून पाठवता येतो, त्यासाठी रुग्णाला एसटीत बसवायचीही गरज नाही. खर्चाची भीती असेल त्यांनी महात्मा फुले योजनेत आपलं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. आम्ही ते उशिरा विचारलं. आपल्या पुरवणीत प्रत्यारोपणाला अर्धं पान मिळालं, तसं या विषयाला पाव पान तरी मिळावं.

दादांचा पुढचा स्कॅन येत्या महिन्यात आहे. तोवर उसाला एक पाणी द्यायचं राहिलंय म्हणतात.

आपला,
एक वाचक, ता. कराड