लेपाची पकड महत्त्वाची

शरीरात बसवायच्या धातूच्या रोपणांवर (उदा. कृत्रिम सांधा) हाडाशी जुळण्यासाठी देतात त्या जैवसक्रिय लेपांवरील आपल्या पुरवणीतील लेख माहितीपूर्ण आहे. पण ‘लेप दिला की रोपण हाडात कायमचे रुजले’ हा त्याचा सूर खटकला. अमेरिकी पदार्थवैज्ञानिक लॅरी हेंच यांची १९६९ची जैवसक्रिय काच हाडाशी खरोखरच सांधली जाते, मात्र ती ठिसूळ. म्हणून भार धातूने पेलायचा आणि हाडाशी सलगी लेपाने करायची, अशी वाटणी झाली. लेपासाठी हायड्रॉक्सीॲपेटाइटची (हाडातील खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटची) भुकटी प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूच्या, प्रचंड उष्णतेत वितळवून टायटॅनियमवर फवारतात, तेव्हा तिचा काही भाग स्फटिकरूप गमावतो आणि शरीरात लवकर विरघळतो. हाड लेपाला चिकटले, पण लेपच धातूवरून सुटला तर काय? लेखातील दाखले प्राण्यांवरील काही आठवड्यांच्या चाचण्यांचेच आहेत. कृत्रिम सांधा वर्षानुवर्षे वापरायचा असतो. रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदीही द्यायला हव्या होत्या.