चि. सागरला, गुजरातेत दहेजला निघण्याआधी

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं 'हो गं आई, कळलं' दोन मिनिटांत उरकतं, म्हणून कागदावर लिहितेय. 'मेडिकल झालं, सगळं नॉर्मल' असा तुझा निरोप आला. कसलं मेडिकल? उंची, वजन, बीपी, छातीचा एक्स-रे? तू कीटकनाशकाच्या प्लँटवर चाललायस, रोज ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं हाताळणार. नसांचं काम सुरळीत ठेवणारं कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम रक्तात असतं, ते या विषाने उतरतं. ते कोलिनएस्टरेज तपासून काढलं का, एवढंच मला सांग.

काढलं नसेल तर प्लँटमध्ये पाय ठेवायच्या आधी काढून घे. जमलं तर दोनदा, मध्ये चार-आठ दिवस जाऊ देत. हे एन्झाइम ज्याचं त्याचं वेगळं असतं. समज, लॅबची रेंज पाच हजार ते बारा हजार आहे आणि तुझं मूळचं अकरा हजार. उद्या ते सहा हजारांवर आलं तरी लॅब 'नॉर्मल'च छापणार. जवळजवळ निम्मं गेलं, तरी कागदावर साधी लाल खूणसुद्धा नाही.

27 वर्षं मी कारखान्याच्या ओएचसीत, म्हणजे आतल्या दवाखान्यात काढली, त्यातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एक ऑपरेटर होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. मे महिन्यात दुपारचे यायचे. घामाने निथळलेले, डोकं जड, म्हणायचे पॅनेलवरचे आकडे पुसट दिसतात. ऊन लागलं म्हणून मी ओआरएस देऊन परत पाठवलं. रक्ताचा रिपोर्ट रेंजमध्ये आला, रजिस्टरला 'नॉर्मल' मीच लिहिलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मग जुनी फाइल काढली. कामाला लागतानाचा आकडा आताच्या जवळजवळ दुप्पट होता. आणि ती फाइल माझ्या खुर्चीपासून चार पावलांवरच्या कपाटात होती रे.

तात्या बरे झाले. कारण निघालं पंपाच्या गळक्या ग्लँडचं, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलचं. उजवी बाही भिजायची आणि तो शर्ट पाळी संपेपर्यंत अंगावरच वाळायचा. हे कीटकनाशक कातडीतून आत जातं, नुसत्या मास्कने भागत नाही.

कॅलिफोर्नियात फवारणीवाल्यांसाठी 1974 पासून ही रक्ततपासणी आहे. तिथला हिशेब मला पटतो. स्वतःच्या मूळ आकड्यापासून 20 टक्के उतरलं की आधी कामाची जागा तपासायची. रक्ताच्या लाल पेशींतलं एन्झाइम 30 टक्के उतरलं की माणसाला त्या कामावरून हलवायचं. आपल्याकडे उलट, आधी माणसालाच विचारतात, 'घरी काय खाल्लंस?'

आणखी एक. लाल पेशींतलं एन्झाइम रोज साधारण एक टक्का भरून येतं, सीरममधलं, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातलं, त्याहून लवकर. म्हणजे महिनाभर दुसऱ्या खात्यात ठेवून मग रक्त घेतलं की आकडा छान दिसतो. हे मुद्दाम करणारे मी पाहिलेत. ओव्हरटाइम बुडू नये म्हणून स्वतःच रजेनंतरची तारीख मागून घेणारेही पाहिलेत. आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांचं तर रक्तच काढायचे नाहीत. ती पोरं ड्रम धुवायला असायची, सगळ्यात जास्त भिजणारी तीच.

भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात 41-सी कलम आलं. कामावर लावण्याआधी तपासणी, मग निदान वर्षातून एकदा, काम सोडल्यावरही. आणि आपली नोंद बघायचा हक्क कामगाराला. आता नव्या संहितेत कलमांचे आकडे बदललेत, पण तू प्रत मागताना लाजू नकोस. दर वेळी त्याच लॅबचा रिपोर्ट घे, लॅब बदलली की आकडे जुळत नाहीत.

पहिला रिपोर्ट आला की फोटो पाठव, नुसता अंगठा नको. आकडा मी माझ्या डायरीत लिहून ठेवणार आहे. चिवड्याचा डबा बॅगेत वरच ठेवलाय. तो हॉस्टेलवरच ठेव, प्लँटवर नेऊ नकोस.

तुझी,
आई